ऑडिटपुरतं हृदय

उपेंद्र दाबके यांच्या सहीशिवाय बंगळुरूतून एकही विमान उडत नाही, अशी निदान उपेंद्र दाबके यांची तरी समजूत होती. विमानांचे सुटे भाग करणाऱ्या एका सरकारी कारखान्याच्या गुणवत्ता विभागात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. तिथं नट आला की त्याच्यासोबत कागद येतो, कागदावर रकाने असतात, रकान्यात बरोबरची खूण असते आणि खुणेखाली दाबक्यांची सही. सही असली की नट चांगला. सही नसली तर तो सोन्याचा का असेना, भंगारात. इतकं सोपं जग फार थोड्यांच्या वाट्याला येतं, आणि ज्यांच्या येतं ते आभार मानायचे सोडून पुढचा कागद मागतात.

नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीला, यशश्रीला, दुसऱ्या कुणाचं तरी हृदय बसवलं गेलं. ती तेव्हा सात वर्षांची होती. एका साध्या तापाचं निमित्त होऊन तिचं स्वतःचं हृदय फुगत आणि थकत गेलं होतं. ऑपरेशन झालं, मूल वाचलं. अतिदक्षता विभागाबाहेर सगळे नातेवाईक डोळे पुसत होते, तेव्हा दाबके मांडीवर लांबलचक रजिस्टर घेऊन पट्टीनं उभ्या रेघा मारत होते. तारीख, वेळ, गोळी, मात्रा, घेणाऱ्याची खूण, तपासणाऱ्याची सही. त्यांची बायको प्रतिमा म्हणाली, "अरे, काचेतून तिला बघून तरी ये." दाबके म्हणाले, "आलोच. एवढा समास आखतो."

आता या रेघांची चेष्टा करायची तर जपून करावी लागते, कारण गोळ्यांचं काम खरंच नाजूक होतं. शरीर मोठं हट्टी असतं. परकं हृदय त्याचे प्राण वाचवत असलं तरी ते त्याला बाहेरचं म्हणूनच ओळखतं आणि हाकलून द्यायला बघतं. म्हणून शरीराची ही खोड मोडणाऱ्या गोळ्या रोज सकाळी आठ आणि रात्री आठ, जन्मभर. कमी पडल्या तर शरीर हृदयावर चाल करून जातं, जास्त झाल्या तर मूत्रपिंडं बसतात. रक्तातलं औषधाचं प्रमाण सहा ते आठच्या मध्ये हवं आणि ते दर दोन महिन्यांनी, सकाळच्या गोळीआधी रक्त देऊन तपासायचं. दाबक्यांना हे ऐकून इतका आनंद झाला की डॉक्टर बावचळल्या. मुलीच्या जिवाला वरची आणि खालची मर्यादा होती, म्हणजे ती त्यांच्या खात्यातली निघाली होती.

बाकीच्यांनी आपापल्या परीनं हातभार लावला. सांगलीच्या मावशींनी हृदय बदललं की गोत्र बदलतं का, अशी शंका काढली. मराठी मंडळानं गणपतीत शाल आणि श्रीफळ देऊन यशश्रीचा सत्कार केला, आणि ज्या पोरीला गर्दीत जायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं तिच्यासोबत साडेतीनशे माणसांनी फोटो काढले. प्रतिमाचा भाऊ मुकुल कोरमंगलातल्या कुठल्याशा स्टार्टअपमध्ये होता. त्यानं भाचीसाठी एक ॲप तयार केलं. ते आठ वाजले की मंजूळ आवाजात 'तुझं हृदय तुझी वाट पाहतंय' असं म्हणायचं. यशश्रीनं ते दुसऱ्या दिवशी काढून टाकलं.

यशश्री तेरा वर्षांची होईपर्यंत दाबके स्वतः गोळी हातावर ठेवत, पाणी देत आणि तिला तोंड उघडायला लावून आत बघत. मग त्यांनी तिला बढती दिली. कारखान्यात असा नियमच आहे. पुरवठादार काही वर्षं चोख वागला की त्याचा माल त्यानं स्वतःच तपासून पाठवायचा, कारखाना फक्त कागद बघतो. दाबक्यांनी हाच नियम घरी लावला. सकाळी सात दहाला ते कारखान्याच्या बसनं जात. प्रतिमा एका संशोधन संस्थेत ग्रंथपाल होती, ती पावणेआठला निघे. आठ वाजता घरात यशश्री, तिच्या गोळ्या आणि रजिस्टर एवढेच असत. ती खूण करी. रविवारी सकाळी चहा झाला की दाबके निळं पेन काढून आठवड्याच्या चौदा सह्या एका बैठकीत ठोकत. त्यात गैर काय आहे, असं त्यांना विचारण्यात अर्थ नव्हता. सबंध कारखाना असाच चालत होता आणि विमानं उडत होती.

रक्ततपासणीच्या आधीचा आठवडा मात्र वेगळा. "ऑडिट आलं," असं दाबके जाहीर करत आणि घराची कळा बदले. बाहेरचं खाणं बंद, झोप वेळेवर, रात्रीची गोळी सर्वांदेखत. मग रक्त दिलं जाई आणि आकडा येई सहा पूर्णांक नऊ, सात पूर्णांक एक, सात. दाबके आलेख काढत. त्यातली रेघ इतकी सरळ होती की इतर मुलांच्या आईबापांना ते हॉस्पिटलच्या व्हरांड्यात थांबवून दाखवत. ज्यांच्या पोरांचे आकडे वरखाली होत त्यांच्याकडे ते दयेनं बघत आणि रेघा कशा आखाव्यात ते समजावत.

नवव्या वर्षाच्या अँजिओग्राफीत डॉक्टर रक्षितांना हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या दिसल्या.

"सगळ्या वाहिन्या थोड्या थोड्या, लांबवर," त्या म्हणाल्या. "एका जागी अडथळा असता तर स्टेंट टाकला असता. हे तसं नाही. प्रत्यारोपणानंतर काही वर्षांनी होतं असं. औषध बदलू, वेग कमी करता येईल. पण एकदोन वर्षांत दुसऱ्या हृदयाचा विचार करावा लागेल. प्रतीक्षायादीसाठी समितीपुढे नाव ठेवायला हवं."

"पण तिला काही त्रास नाही," दाबके म्हणाले. "छातीत दुखत नाही, काही नाही."

"दुखणार नाही. नवं हृदय जोडताना दुखणं कळवणाऱ्या नसा जोडता येत नाहीत. ते तक्रार करत नाही."

तक्रार न करता आतून खलास होणं हा खरं तर सरकारी नोकरीतला सर्वोच्च गुण, पण दाबक्यांना त्या वेळी ते सुचलं नाही. नऊ वर्षांनी पहिल्यांदाच त्यांना आखायला रेघ सापडेना. त्यांनी विचारलं, "समिती काय बघते?"

"हृदयं फार कमी मिळतात, सर. मुलं जास्त आहेत. मिळालेलं हृदय हे मूल सांभाळेल का, एवढंच बघतात. वेळच्या वेळी गोळ्या घेते का, हे सगळ्यात आधी."

दाबक्यांच्या जिवात जीव आला. हा पेपर तर त्यांनी नऊ वर्षं आधीच सोडवून ठेवला होता.

घरी आल्यावर त्यांनी दोन निर्णय घेतले. पहिला, यशश्रीला काही सांगायचं नाही. पोर अकरावीला आहे, प्रॅक्टिकल्स चालू आहेत, उगाच घाबरेल. 'रिपोर्ट ठीक आहे, एक औषध बदलणार आहेत,' एवढं सांगून तिला वाटेला लावण्यात आलं. प्रतिमाला हे पटलं नाही, पण ती स्वतःच इतकी रडवेली होती की तिनं वाद घातला नाही. दुसरा निर्णय म्हणजे चौकशी. बिघाड झाला की मूळ कारण सापडलंच पाहिजे, आणि ते बाहेरच सापडलं पाहिजे. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी देवनहळ्ळीहून आणलेल्या चक्कोत्याच्या, म्हणजे पपनसाच्या, फोडी यशश्रीनं खाल्ल्या होत्या का, यावर त्या बाईंची वीस मिनिटं उलटतपासणी झाली. ती फळं या गोळ्यांना चालत नाहीत हे खरं होतं, पण बाईंनी दिला होता तो फणस. मुकुलनं भाचीला कॉफी पाजली होती, तो कबूल झाला आणि दीड पानांचा जबाब देऊन सुटला.

आठ दिवसांनी मनगटावरची अँजिओग्राफीची जखम दाखवायला दाबके यशश्रीला घेऊन गेले. प्रत्यारोपण विभागाचं सगळं वेळापत्रक भाग्यलक्ष्मी नावाच्या बाई सांभाळत. शहाजीराजांच्या फौजेबरोबर इकडे आलेल्या आणि परत जायचं विसरलेल्या घराण्यांपैकी त्यांचं एक. सगळं हॉस्पिटल त्यांना अक्का म्हणे.

"सार, आलातच तर स्वल्प रक्त पण देऊन जावा की," अक्का म्हणाल्या. "सकाळची गोळी घ्यायची आहे न्हवं अजून? सरी, मग बेस झालं."

"पण तपासणी पुढच्या महिन्यात आहे," दाबके म्हणाले. "आधी कळवल्याशिवाय कशी करता येईल?"

"रक्ताला काय कळवायचं, अण्णा? ते आतच हाय."

सूचना न देता ऑडिट हा प्रकार दाबक्यांनी एकतीस वर्षांत पाहिला नव्हता. असभ्यपणाच तो. पण तोवर कृष्णातनं यशश्रीचा हात पुढे घेतला होता. कृष्णात हा रक्त काढणारा तंत्रज्ञ. नऊ वर्षं तोच सुई टोचत आला होता आणि यशश्री त्याला मामा म्हणायची. आज ती त्याच्याशी काही बोलली नाही, हे दाबक्यांच्या लक्षात येण्याचं कारण नव्हतं. ते निषेधाचं पत्र मनातल्या मनात लिहीत होते.

आकडा आला एक पूर्णांक आठ.

दाबके खुर्चीतून उठले ते थेट संगणकापाशी बसले. तीन पानी पत्र तयार झालं. नऊ वर्षांचा आलेख, रजिस्टरच्या एकशे चार पानांच्या छायाप्रती आणि शेवटी निष्कर्ष, की नमुना घेताना किंवा नळीवर चिठ्ठी चिकटवताना अक्षम्य हलगर्जीपणा झाला असून संबंधितावर कारवाई व्हावी. त्यांनी फेरतपासणी मागितली. हॉस्पिटलनं शनिवारची तारीख दिली, पाच दिवसांनंतरची. दाबक्यांनी घरी जाहीर केलं, "ऑडिट आलं." शनिवारी आकडा आला सात पूर्णांक दोन.

"बघ," ते प्रतिमाला म्हणाले. "नळ्यांची अदलाबदल. मी म्हटलंच होतं."

बुधवारी अक्कांचा फोन आला, समितीची बैठक शुक्रवारी चार वाजता आहे हे सांगायला. जाता जाता त्या म्हणाल्या, "त्या कृष्णातला मेमो दिला हो सार. दोन दिवस घरीच बसवलाय. बिचारा म्हणतो मी नळी बदललो नाही, पण कोण ऐकणार?" फोन स्पीकरवर होता. दाबके कणिक मळत होते. हो, स्वयंपाक अर्धा ते करत, आणि पोळ्यांचा व्यास सारखा असे. यशश्री टेबलाशी रसायनशास्त्राची वही पुरी करत होती.

तिनं वही मिटली. "बाबा, कृष्णातमामांची काही चूक नाही. नळी माझीच होती. मी गोळ्या घेत नव्हते."

दाबक्यांनी आधी गॅस बंद केला, मग हात धुतले, मग रजिस्टर काढलं. ते तिच्यापुढे उघडून म्हणाले, "खोटं बोलू नकोस. ही बघ खूण. सोमवार, मंगळवार, बुधवार. आणि ही बघ सही."

"खूण मी करते बाबा. गोळी घेतली काय, नाही घेतली काय, खूण करायला दोन सेकंद लागतात. आणि सह्या तुम्ही रविवारी करता."

"किती दिवस?"

"दोन वर्षं. आठवड्यातून तीनचार सकाळी. कधी रात्रीही. ऑडिटच्या आधी सगळ्या घेते ना." तिनं रजिस्टर त्यांच्याकडे परत सरकवलं. "तुम्हीच नाही का फोनवर ऑफिसातल्या त्या जितेंद्रकाकांना सांगत, की ऑडिट पार्टी सोमवारी येतेय, तोवर मागच्या तारखा भरून घ्या, त्या दिवशी सगळं जागच्या जागी दिसलं की झालं? मला वाटलं, असंच चालतं. आकडा बरोबर आला की सगळे खूश असतात."

एकतीस वर्षांत एवढं नेमकं निरीक्षण त्यांच्याबद्दल कुणी नोंदवलं नव्हतं. दाबके खुर्चीत बसले. प्रतिमानं विचारलं, "पण का ग? का नाही घेतल्यास?" यशश्रीनंच उलट विचारलं, "रिपोर्ट ठीक आहे ना माझा? तुम्ही म्हणालात ना?"

आणि मग तिला सगळं सांगावं लागलं. प्रतिमानं सांगितलं; दाबके रजिस्टर उचलून उभे राहिले. वाहिन्या, समिती, दुसरं हृदय. यशश्रीनं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "माझ्यामुळे?" प्रतिमानं सांगितलं, एकूण एक गोळी घेणाऱ्या मुलांनाही हे होतं, डॉक्टर म्हणाल्या आहेत. हे खरं होतं. गोळ्या चुकवल्यानं ते लवकर होतं हेही खरं होतं, आणि ते तिघांनाही न सांगता कळलं. पोर आईच्या कुशीत शिरून लहानपणी रडायची तशी रडली. दाबके शेजारी उभे होते. तिच्या डोक्यावर हात ठेवावा असं त्यांना फार वाटलं. पण त्या हातात रजिस्टर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीचे दाबके झाले होते. "शुक्रवारी काही बोलायचं नाही," ते प्रतिमाला म्हणाले. "फाईलमध्ये सगळं नीट आहे. नऊ वर्षांचे आकडे बरोबर, रजिस्टर बरोबर, एक नमुना चुकीचा आणि तो चुकीचा असल्याचं हॉस्पिटलनंच मानलंय. कागद आपल्या बाजूनं आहे."

"आणि कृष्णात?"

"मेमोनं कुणी मरत नाही. मला बारा मिळालेत."

"आणि यशू?"

"तिच्यासाठीच करतोय ना मी हे," दाबके म्हणाले. "त्यांनी नाव नाही घेतलं तर काय करणार आहोत आपण? सांग ना. तिला हृदय मिळालं नाही तर मी खरेपणा घेऊन काय चाटू?"

प्रतिमालाही मुलगी हवी होती. त्या घरात त्या दिवशी खोटं बोलायला सगळे तयार होते, एक यशश्री सोडून, आणि तिला कुणी विचारलंच नव्हतं.

शुक्रवारी समितीच्या खोलीत पाच जण होते. डॉक्टर रक्षिता, भाग्यलक्ष्मी अक्का, एक समुपदेशक, एक शल्यविशारद आणि मधोमध एक पिकल्या केसांचे डॉक्टर, त्यांचा शब्द शेवटचा असावा असं त्यांच्या चष्म्यावरूनच वाटत होतं. दाबके, प्रतिमा आणि यशश्री समोर बसले. रजिस्टर हातोहात फिरू लागलं. पिकल्या केसांचे डॉक्टर सावकाश पानं उलटत होते. एकदोनदा ते मागेही गेले.

"सुंदर," ते म्हणाले. "इतकं स्वच्छ रजिस्टर मी पाहिलं नाही, मिस्टर दाबके. नऊ वर्षांत एक खाडाखोड नाही."

दुसरा कुणी असता तर फुलून गेला असता. दाबक्यांना मात्र रजिस्टर परत मागून घ्यावंसं वाटलं, कारण हे वाक्य त्यांच्या पोटापाण्याचं होतं. होसकोटे, पीण्या, बोम्मसंद्रा, जिथं जिथं छोट्या कारखानदारांकडे ते माल तपासायला जात, तिथं असं झकपक रजिस्टर पुढे आलं की ते हसून नेमकं हेच म्हणत. नंतर गाडीत बसल्यावर बरोबरच्या पोरांना शिकवत, की खरं काम करणाऱ्याच्या वहीत डाग असतात, चुका असतात, वेगवेगळी पेनं असतात. सगळ्या सह्या एका शाईच्या दिसल्या की समज, माणूस कामाजवळ फिरकलेला नाही. असे तीन पुरवठादार त्यांनी काळ्या यादीत टाकले होते.

"एकच विचारतो," डॉक्टर म्हणाले. "तिला गोळी घेताना तुम्ही स्वतः शेवटचं कधी पाहिलंत? तपासणीचा आठवडा सोडून."

यशश्री मान खाली घालून बसली होती. दाबक्यांना फक्त 'आज सकाळी' म्हणायचं होतं. दोन शब्द, आणि तपासायला कुणी येणार नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं आणि त्यांना आठवून बघायचा प्रयत्न करावासा वाटला, खरंच कधी पाहिलं.

"ती तेरा वर्षांची असताना," ते म्हणाले. "त्यानंतर नाही."

पुढचं त्यांनी भराभर सांगितलं. एक पूर्णांक आठ हा आकडा खरा आहे. सात पूर्णांक दोन पाच दिवसांत तयार केलेला आहे. कृष्णातचा दोष नाही, ते पत्र मी मागे घेतो. दोन वर्षांच्या सह्या माझ्या आहेत आणि त्या सगळ्या खोट्या आहेत. "मुलीला नापास करू नका," ते म्हणाले. "करायचंच तर..." पण समितीला बापाला नापास करायची सोय नव्हती, त्यामुळे ते वाक्य तिथंच राहिलं.

समितीनं तिघांना बाहेर बसवलं. पाऊण तासानं अक्का आल्या. "आज नाव घेत न्हाईत," त्या म्हणाल्या. "पण नाही पण म्हणाले नाहीत. सहा महिने. रक्त कधी पण काढणार, न सांगता. आकडे बरे आले तर परत बसतील. नवं औषध आजपासून चालू. तोवर वाहिन्या टिकतील, बहुधा."

"बहुधा म्हणजे किती टक्के?" दाबक्यांनी विचारलं.

अक्कांनी त्यांच्याकडे बघितलं. "बहुधा म्हणजे बहुधा, अण्णा," त्या म्हणाल्या. मग यशश्रीपाशी बसून तिच्या कानात कितीतरी वेळ काही बोलत राहिल्या.

परतताना होसूर रोड नेहमीसारखा तुंबला होता. सिल्क बोर्डाच्या अलीकडे टॅक्सी थांबली ती थांबलीच. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि मोबाईलवर क्रिकेट लावलं. पुढं प्रतिमा, मागं बापलेक. आठ वाजले. यशश्रीनं पर्समधून डबी काढली.

"बघा," ती म्हणाली. टोमणा नव्हता. नुसतंच सांगितलं.

दाबके वळून बसले आणि बघू लागले. ऑडिटच्या आठवड्यातही त्यांची नजर रकान्यावरच असे; असं बघणं तीन वर्षांनी पहिल्यांदा, आणि रजिस्टर पायाशी पिशवीत. यशश्रीनं डबीचं झाकण उघडायला बोट लावलं. बोट घसरलं. पुन्हा लावलं. गोळ्या तळहातावर आल्या तेव्हा त्या तिथं नाचत होत्या, आणि टॅक्सी तर दहा मिनिटं जागची हललेली नव्हती. तिनं घाईनं त्या तोंडात टाकल्या आणि बाटली लावली. पाणी हनुवटीवरून ओढणीवर सांडलं.

"हे काय?" दाबके म्हणाले. "हात का असा..."

"गोळ्यांनीच होतं. घेतल्यावर तासादोन तासांनी तर फारच." ती ओढणीनं तोंड पुसत होती. "प्रॅक्टिकलला ब्युरेटच्या नळीतून द्रावण थेंब थेंब सोडायचं असतं ना. माझा एकदम भस्सकन पडतो. मुलं हसतात. म्हणून प्रॅक्टिकलच्या दिवशी सोडायला लागले. मग बाकीच्या दिवशीही. न घेता दिवस गेला की हात माझा वाटायचा." जरा थांबून ती म्हणाली, "अक्का म्हणाल्या, हळूहळू विरघळणारी गोळी असते, तिनं कमी होतं. नुसतं विचारायचं होतं, म्हणाल्या."

"मग विचारलं का नाहीस?" दाबके म्हणाले. "मला का नाही सांगितलंस, यशू?"

"कुठल्या रकान्यात लिहिणार होतात?" ती म्हणाली.

पुढच्या सीटवर प्रतिमा खिडकीकडे तोंड करून रडत होती. मागून कुणीतरी उगाचच हॉर्न वाजवत होतं. एक गोळी अजून राहिली होती, नव्या औषधाची. ती काढताना यशश्रीच्या हातून डबी निसटू लागली तेव्हा दाबक्यांनी खालून तिचा हात धरला, दोन्ही हातांनी. तो थांबला नाही. त्यांच्या हातात थरथरत राहिला, आणि ते धरून बसले.